चाकं का तापतात

२ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाई नापास झाली. वहीत आजचं पहिलं वाक्य हेच लिहावं लागतंय याचा संताप येतोय, पण स्वतःच्या वहीत लपवून कोणाला फसवणार? तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अकराशेच्या वर माणसं रस्त्यावर सोडली, आणि घरची सून थांबायची पांढरी रेघ ओलांडून चार हात पुढे गेली.

ती म्हणते, "आई, परीक्षक शेजारी बसले आणि गाडी एकदम सुसाट निघाली. ब्रेकचं पेडलसुद्धा रोजच्यापेक्षा वर आलं होतं."

मी म्हटलं, "पेडल काय भरती-ओहोटी आहे वरखाली व्हायला? नाचता येईना अंगण वाकडं!"

बोलून गेले. ती परीक्षेचे कागद उचलून आत गेली.

पुढची परीक्षा चोवीस तारखेला. घरोघरी जाऊन रुग्ण बघायचे, अशी नर्सची जागा तिला मिळाली आहे, पण महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखवलं तरच. नाहीतर यादीतली पुढची बाई. तीन वर्षं रात्रपाळ्या करून पोरीचे डोळे खोल गेलेत. ही दिवसाची नोकरी तिला मिळायलाच हवी आणि ती माझ्या हातून मिळणार, हे इथे लिहून ठेवते.

३ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी तासभर सराव. गाडी तीच, माझ्या स्कूलची शेवटची. दोन वर्षांपूर्वी स्कूल बंद केलं तेव्हा बाकीच्या विकल्या, ही ठेवली. शेजारच्या सीटसमोर शिकवणाऱ्याचं ब्रेकचं पेडल अजून तसंच आहे. ते दाबलं की केबलने चालवणाऱ्याचं पेडलही खाली जातं आणि गाडी थांबते. काढावंसं कधी वाटलं नाही. सवयीचं आहे.

परत आलो तर जळका वास. पुढच्या चाकांजवळ हात नेला आणि चटकन मागे घेतला. चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले, चर्र करून उडाले. दोन्ही बाजूंना तेच.

तरीच! ब्रेक अडकतायत. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरतो तो कॅलिपर, पाय उचलल्यावर सुटायला हवा, तो सुटत नाही. कधी अडकतो, कधी सुटतो. परीक्षेच्या दिवशी नेमका सुटला आणि गाडी पळाली. म्हणजे सून नापास नाही, गाडी नापास.

तिला हे सांगितलं तर तिचा चेहरा जरा उजळला. मी कालचे शब्द मागे घेतले नाहीत, पण दुपारचा चहा मी केला.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

गॅरेजला नेणार नाही. तीस वर्षं माझ्या गाड्यांची छोटी दुरुस्ती मीच केली आहे. अंगणात जॅक लावला, खाली स्टँड दिला, चाक काढलं. ह्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना शब्दकोड्याखेरीज काम नाही, म्हटलं जरा व्यायाम होईल.

"दाबा."

"दाबलं."

"सोडा."

"सोडलं. अगं, आडवा शब्द सांग बरं, पाच अक्षरी, हट्टी माणूस."

डिस्क हाताने फिरवली तर गरागरा फिरली. दुसऱ्या बाजूची जराशी घासत फिरली. तिथे कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक कोरडी ठाक निघाली. सापडला चोर! पिन घासून स्वच्छ केली, ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस येतं ते लावलं, रबरी टोपी बसवली. लोण्यातून सुरी जावी तशी सरकायला लागली.

संध्याकाळी एकटीच बाजाराला गेले. अर्धं गाव फिरले. आल्यावर चाकांना हात लावला, कोमट. जिंकले.

७ फेब्रुवारी, रविवार

हरले. सूनबाईबरोबर तासभर सराव, आल्यावर पाणी पुन्हा चर्र. दोन्हीकडे.

गाडी तिला जड येते. चढावर इंजिन दोनदा बंद पडलं. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवून डोकं उठवलं. ती म्हणाली, "मला जमतच नाहीये, आई." मी म्हटलं, "तुला नाही, गाडीला जमत नाहीये. दाब जरा ॲक्सिलरेटर." तिने दाबला. मग गाडी पुढे उडाली आणि मी दार घट्ट धरलं.

तरी ती घाबरत नाही, हे कबूल करायला हवं. घाबरते ती मी. ती आरसा बघायच्या आधी मी बघते. ती वळायच्या आधी माझे खांदे वळतात. स्कूलमध्ये मी अशी नव्हते. परक्यांच्या पोरांना शिकवताना शेजारी बसून शेंगदाणे खायचे मी.

चिरंजीव जेवताना म्हणाले, "आई, तिला माझ्यासारखं सोडून देऊ नकोस म्हणजे झालं."

विनोद होता. सगळे हसलो. ड्रायव्हिंग स्कूलवालीचा मुलगा बसने कामाला जातो, हा ऑफिसातला जुना विनोद आहे, तो स्वतःच सांगतो. एकोणिसाव्या वर्षी महिनाभर शिकवलं त्याला. दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास. "गाडी माझं ऐकतच नाही," म्हणाला आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. काहींच्या हातातच नसतं, त्याला कोण काय करणार. त्या वेळची गाडीही भारी तापायची. शेवटी विकून टाकली.

१० फेब्रुवारी, बुधवार

आता संशय पिस्टनवर. कॅलिपरच्या आतला हा पिस्टन पॅडला डिस्कवर ढकलतो. गंजला तर मागे येत नाही. दोन्ही कॅलिपर उतरवले. सुताराचा शिकंजा लावून पिस्टन मागे दाबला. गंज नाही, रबर फाटलेलं नाही, अगदी शहाण्या मुलासारखा आत गेला. दुसराही तसाच.

मी कॅलिपरला म्हणाले, "मग अडकतं कोण, मी?" ह्यांनी खिडकीतून विचारलं, कोणाशी बोलतेयस. म्हटलं, तुमच्यापेक्षा बरं ऐकतो हा.

अंगणात शहाणी आणि रस्त्यावर वेडी, अशी ही गाडी आहे.

उजव्या पायाची पोटरी ठणकतेय. चाकाशी उकिडवं बसून बसून. सूनबाईने तेल लावून दिलं. तिचा हात हलका आहे. रुग्णांना हा हात मिळायला हवा, असं मनात आलं आणि डोळ्यात पाणी आलं. वय झालं की असले प्रकार होतात.

११ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांच्या बहिणीकडे गेलो. गाडी ह्यांनी चालवली. बहिणीने लिंबाची मोठी कुंडी दिली, ती पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसवली आणि मी मागे. ह्यांची बायको मागे आणि झाड पुढे, यावर नणंद अजून हसत असेल. येताना एवढा लांबचा रस्ता, वाटेत गर्दी, तरी चाकं थंडगार. या गाडीच्या मनात काय आहे ते तिलाच ठाऊक.

१४ फेब्रुवारी, रविवार

होज बदलले. ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी आतून फुगली की ऑइल जातं पण परत येत नाही, आणि ब्रेक धरून राहतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं. दोन्ही नव्या नळ्या, नवं ऑइल. नळ्यांतली हवा काढायला ह्यांना पुन्हा सीटवर. दाबा, धरा, सोडा. दाबा, धरा, सोडा. दोन तास. शेवटी हे म्हणाले, "तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, आता हे."

पॅडही नवे टाकले. जुने पॅड कुरतडल्यासारखे पातळ झाले होते, आठ महिन्यांत! एवढे तर स्कूलमध्ये चार-चार विद्यार्थी रोज असताना झिजत नव्हते.

संध्याकाळी सूनबाईला घेऊन निघाले. अर्ध्या तासात वास. नव्या पॅडचा असेल, म्हणून पाणी टाकलं. चर्र.

घरी येऊन हत्यारांची पेटी पायाने कोपऱ्यात सारली.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

उजव्या चपलेचा तळ फाटला. कोपऱ्यावरच्या चांभाराकडे नेली. त्याने उलटीपालटी करून बघितली. "डावी नवी आहे अजून. ही पुढून एवढी कशी झिजली? शिलाई मशीन चालवता का?"

म्हटलं, बाबा, मी गाडी शिकवते. तो म्हणाला, "मग गाडी तुम्हीच चालवता होय." म्हटलं नाही रे, सून चालवते, मी नुसती शेजारी बसते. त्याने मान हलवली आणि टाके घालायला घेतले. लोकांना दुसऱ्याचं काम कळतच नाही.

आज सूनबाईने गाडी छान चालवली. थोडी जडच, पण छान. रेघेवर बरोबर थांबली. मी शाबासकी दिली नाही. शाबासकीने माणूस सैल पडतो.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

आम्ही निघताना हे फाटकात उभे होते. परत आल्यावर म्हणाले, "अगं, तुमचे मागचे लाल दिवे कोपऱ्यापर्यंत पेटलेलेच होते."

पेडलपाशी एक लहानसा स्विच असतो, पेडल खाली गेलं की मागचे दिवे पेटवतो. बिघडला असणार. लगेच बदलला. बदलून झाल्यावर ह्यांना मागे उभं केलं. पेडल दाबलं, दिवे पेटले. सोडलं, विझले.

"आता ठीक आहे," मी म्हटलं.

"सकाळीही हेच होत असेल," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"काही नाही. कोडं सुटलं की सांगेन."

सहा दिवस उरले. सूनबाई झोपेत हात फिरवते म्हणे, स्टिअरिंग धरल्यासारखे. चिरंजीवांनी सांगितलं, आणि सांगताना तो हसत नव्हता. "आई, तिला नाही जमलं तर तिला बोलू नकोस. मी ऐकलंय ते सगळं." काय ऐकलंय त्याने? मी त्याला कधी वाईट बोलले नाही. फक्त म्हटलं होतं की सगळ्यांना सगळं येतंच असं नाही.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

नाक मुठीत धरून मेकॅनिककडे गेले. हा माझ्याकडेच गाडी शिकला, वीस वर्षांपूर्वी. मी सांगितलं, पिन केली, पिस्टन बघितला, होज बदलले, पॅड बदलले, स्विच बदलला, आता दोन्ही चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर उतरवायचा.

त्याने हात पुसले. "मॅडम, एक कॅलिपर अडकतो. दोन्ही चाकं एकदम कशी अडकतील? आणि एकदम कशी सुटतील?"

"म्हणून तर सिलिंडर."

"असेलही. पण उतरवायच्या आधी मला एक यादी आणून द्या. कोणत्या दिवशी तापली, कोणत्या दिवशी नाही. कोण चालवत होतं, कोण कुठे बसलं होतं."

"बसण्याचा काय संबंध?"

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत. आधी आरशात बघायचं, मग गाडी हलवायची."

माझंच वाक्य मला! तोंड वर करून बोलायला लागलेत सगळे. यादी काय, या वहीतून पाच मिनिटांत काढते.

१९ फेब्रुवारी, पुन्हा

यादी काढली.

३ तारीख. सून चालवत होती, मी शेजारी. तापली.
५ तारीख. मी एकटी. नाही तापली.
७ तारीख. सून, मी शेजारी. तापली.
११ तारीख. हे चालवत होते, शेजारी कुंडी, मी मागे. नाही.
१४ तारीख. सून, मी शेजारी. तापली.

पुढचं लिहायची गरज उरली नाही. पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत बसल्याबसल्या माझ्या उजव्या पायाकडे बघितलं. टाच जमिनीवर आणि चवडा जरासा खाली दाबलेला. आत्ता, घरात, जेवणाच्या टेबलाखाली. समोर ना गाडी ना पेडल.

काखेत कळसा.

सगळं आलं डोळ्यासमोर. झिजलेली चप्पल, दुखणारी पोटरी, लाल दिवे. पोरगी शिकायला लागल्यापासून माझ्या पायाविरुद्ध गाडी ओढत होती. परीक्षेच्या दिवशी परीक्षकाने पाय बाजूला ठेवले म्हणून गाडी पळाली आणि पेडल वर आलं. ती खरं सांगत होती, आणि मी तिला म्हटलं, अंगण वाकडं. आणि तरी ती रोज सकाळी वेळेवर गाडीत येऊन बसत होती.

अकराशे लोकांच्या वेळी माझा पाय वर होता. पेडल हवं तेव्हाच दाबायचे. ते नापास झाले असते तर पुन्हा आले असते, काय बिघडलं असतं माझं? घरचं माणूस एकच असतं. त्याला काही होऊ नये म्हणून पाय आपोआप खाली गेला, आणि मला कळलंही नाही.

आता ते दुसरं लिहायला हवं. लिहवत नाही, तरी लिहिते. ती जुनी गाडी. तीही तापायची. एकोणीस वर्षांचा माझा मुलगा म्हणाला होता, गाडी माझं ऐकतच नाही. गाडी माझं ऐकत होती. पंधरा वर्षं तो बसच्या थांब्यावर उभा आहे आणि स्वतःवर विनोद सांगतोय.

२० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पाना घेऊन शेजारचं पेडल काढलं. दोन बोल्ट आणि एक केबल. दहा मिनिटांचं काम. मग चालवणाऱ्याचं पेडल दाबून, सोडून नीट तपासलं आणि सूनबाईला बोलावून सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर बोलवलं नसतं.

तिने वाकून पेडलची रिकामी जागा बघितली. म्हणाली, "मला वाटायचं सगळ्याच गाड्या अशा जड असतात. मी दुसरी कुठली चालवलीच नाही ना."

"रागाव की मला."

"रागावले तर चोवीसपर्यंत कोण शिकवेल?" ती म्हणाली, आणि मग एकदम रडली. मीही. ह्यांनी खिडकी लावून घेतली.

मग निघालो. मी शेजारी मांडी घालून बसले, देवासमोर बसतात तशी. पहिल्यांदा गाडी पळाली, ती ओरडली, मी ओरडले. दुसऱ्यांदा तिने पाय हलका ठेवला. तिसऱ्या फेरीला रेघेच्या वीतभर आधी थांबली. पाणी टाकलं, थेंब तसेच ओघळून गेले.

तोंडाने म्हटलं, "शाबास." तिने वळून बघितलं, मीच म्हटलं का म्हणून.

२१ फेब्रुवारी, रविवार

चिरंजीवांना सांगितलं. कसं सांगू म्हणून सकाळपासून घर पुसत होते. शेवटी काढलेलं पेडल त्याच्या हातात दिलं आणि यादी वाचायला दिली. जुन्या गाडीचंही सांगितलं. म्हटलं, तुला येत नव्हतं असं नाही. मी येऊ दिलं नाही. माझं चुकलं.

त्याने पेडल उलटंसुलटं बघितलं. टेबलावर ठेवलं. "बरं," म्हणाला आणि बाहेर गेला.

नुसतं बरं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२४ फेब्रुवारी, बुधवार

पास. मी गेले नव्हते, घरीच थांबले, भांडी तीनदा घासली. फोनवर ती म्हणाली, "आई, परीक्षक म्हणाले, ब्रेक फार हलक्या पायाने लावता, कोणी शिकवलं?"

मेकॅनिकला यादी नेऊन दिली. त्याने वाचली, घडी घालून खिशात ठेवली. सिलिंडरचा विषय काढला नाही. चहा मागवला.

चिरंजीव मात्र अजून फक्त कामापुरतं बोलतोय.

२८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चिरंजीव फाटकाशी उभा. हातात किल्ली.

"आई, शिकाऊ लायसन्स काढलंय परवा. वेळ आहे का?"

वेळ! मी ओला हात पदराला पुसत गेले. शेजारच्या सीटचं दार उघडायला लागले तर तो म्हणाला, "तिथे ती बसेल. लायसन्स आता तिच्याकडेही आहे. तू मागे."

मागे बसले. सूनबाई शेजारी, हात मांडीवर, पाय आखडून. तिने एक शब्द उच्चारला नाही. माझ्यापेक्षा चांगली शिकवेल ती. त्याने आरसा बघितला, पुन्हा बघितला. गाडी धक्का खाऊन निघाली, बंद पडली, पुन्हा निघाली. माझा चवडा पायपुसण्यावर रुतला. मी दोन्ही पाय वर घेतले आणि घट्ट धरून बसले.

समोर चौक आला. मी डोळे मिटले नाहीत, पण तोंडही उघडलं नाही.

रेघेच्या आधी गाडी थांबली. मग तो समोर बघतच म्हणाला, "आई, मी थांबवली."

घरी आल्यावर सवयीने चारही चाकांना हात लावून बघितला. सगळी सारखीच कोमट होती.